प्रकाश, हवा आणि वस्ती : मुंबईतील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचे ऐतिहासिक परीक्षण

प्रस्तावना

कल्याण–कसारा लोहमार्गावरील आटगाव हे शहापूर तालुक्यातील लहानसे स्थानक. तानसा तलावाकडे जाणारा आघईचा रस्ता येथूनच फुटतो. मुंबई शहराला १८९२ पासून पाणी पुरविणारा हा तलाव आणि त्या शहरातील घरांचा प्रश्न यांचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. तथापि गेल्या काही वर्षांत वासिंद, आसनगाव, आटगाव या पट्ट्यात गृहसंकुलांचे जे फलक उभे राहिले, त्यांवरील ग्राहक हा प्रामुख्याने मुंबईतील घर परवडेनासे झालेला मनुष्य आहे. म्हणजे शहराच्या जुन्या वस्तीत एखादा गृहप्रकल्प मंजूर होतो तेव्हा त्याचे दोन्ही परिणाम, पाण्याची वाढती मागणी आणि बाहेर पडणारी माणसे, या तालुक्यापर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून अशा प्रकल्पाचे परीक्षण कोणत्या कसोट्यांवर केले जाते आणि त्या कसोट्या कशा घडल्या, हा प्रश्न ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील अभ्यासकालाही परका नाही.

प्रस्तुत लेखात वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास हे उदाहरण घेतले आहे. शंभर वर्षांपूर्वी सरकारने बांधलेली, पूर्णतः श्रमिकांची अशी ही वसाहत आता निवासी मनोरे, विक्रीच्या सदनिका आणि व्यापारी गाळे अशा संमिश्र संकुलात रूपांतरित होत आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, जुन्या वस्तीला दोषी ठरविण्यासाठी मुंबईने स्वतःच जी मोजपट्टी तयार केली, ती मोजपट्टी त्या वस्तीच्या जागी येणाऱ्या इमारतींना लावण्याचे मात्र टाळले गेले आहे.

साडेत्रेसष्ट अंशांची मोजपट्टी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबईच्या दाट वस्तीकडे पाहण्याची सरकारची दृष्टी एकाएकी बदलली. त्यापूर्वीही अस्वच्छतेविषयी अहवाल लिहिले जात होते; परंतु व्यापार ठप्प होण्याची भीती निर्माण झाल्याखेरीज त्या अहवालांना हातपाय फुटले नाहीत, ही गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करणे, रोगट ठरविलेली घरे पाडणे व नव्या जागी वस्ती वसविणे ही त्याची कामे होती. नागपाड्यासारख्या वस्त्यांवर त्याची कुऱ्हाड प्रथम पडली. सँडहर्स्ट रोड हा त्याच धोरणाचा परिपाक होय.

ट्रस्टने पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या अपुऱ्या पडल्या. उठविलेले भाडेकरू शेजारच्याच चाळींत शिरले आणि तेथील दाटी वाढली. या अनुभवातून ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी प्रश्नाची मांडणी निराळ्या रीतीने केली. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतील घरांमधील प्रकाश व हवा या विषयावर व्याख्यान दिले. ट्रस्टच्या कामात रूढ झालेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. नियम साधा आहे. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा कल्पावी. त्या रेषेने जमिनीशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असू नये. भूमितीच्या भाषेत याचा अर्थ असा की, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नसावी. बारा मीटर उंचीच्या चाळीसमोर किमान सहा मीटर जागा मोकळी हवी.

या नियमाचे मोल त्याच्या साधेपणात आहे. तो गवंड्याला समजतो, भाडेकरूला समजतो आणि न्यायाधीशालाही समजतो. शिवाय इमारत किती जुनी आहे, मालक कोण, आत राहणारे कोणत्या जातीचे वा धर्माचे, यांपैकी कशाशीही त्याला देणेघेणे नाही. वसाहतकालीन आरोग्यप्रशासनाच्या कित्येक उपायांना जो जबरदस्तीचा आणि तुच्छतेचा दर्प येतो, तो या एका नियमाला येत नाही. अर्थात ट्रस्टने तो आपल्या सोयीनेच वापरला. याच नियमाने खोल्या राहण्यास अयोग्य ठरविल्या गेल्या, आणि त्या खोल्यांतील माणसे जाणार कोठे याचे उत्तर मात्र कोन मोजून मिळण्यासारखे नव्हते.

याच सुमारास, १९१४ मध्ये, पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात आले. आधी वस्तीची पाहणी, मग आराखडा. आणि पाडकाम करावयाचेच तर शल्यवैद्याप्रमाणे रोगट तेवढाच भाग काढावा, हे त्यांचे सूत्र होते. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी गेडिस वाचले. मुंबईच्या प्रशासनाने त्यांच्यापासून फारसे काही घेतल्याचे दिसत नाही.

लॉइड यांच्या चाळी

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरभाडी भडकली. १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९१९ व १९२० या वर्षांच्या प्रारंभी गिरणी कामगारांचे मोठे संप झाले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना केली. बॅकबेचा समुद्र हटविणे आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणे ही या खात्याची दोन महत्त्वाची उद्दिष्टे होती. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया उपकर बसविण्यात आला. बॅकबेच्या कामातील उधळपट्टी बॅ. खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली, हा भाग सुपरिचित आहे. चाळींच्या योजनेचे परीक्षण मात्र तितक्या कठोरपणे झाले नाही.

५०,००० खोल्यांपैकी सोळा हजारांहून थोड्या अधिक खोल्याच प्रत्यक्षात उभ्या राहिल्या. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७ चाळी. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, त्या काळाच्या मानाने नवे. एकाच साच्यातून काढल्यासारख्या या इमारतींत कामगाराच्या कुटुंबाने कसे राहावे याचा विचार खोलीच्या क्षेत्रफळापाशीच थांबला होता. वरळीच्या चाळी गिरण्यांपासून दूर आणि भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून १९२० च्या दशकाअखेर त्यांतील असंख्य खोल्या रिकाम्या पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. घरासाठी माणसे तडफडत असताना सरकारी घरे ओस पडावीत, हा विरोधाभास पुढील शंभर वर्षांत मुंबईने अनेकदा पाहिला.

तरीही एक गोष्ट लॉइड यांच्या खात्याकडून चांगली घडली. चाळी बुटक्या होत्या आणि त्यांच्यामध्ये जागा होती. वरळीचे जांबोरी मैदान आणि चाळींमधील पटांगणे यांनी पुढे या वस्तीच्या सार्वजनिक जीवनाला आकार दिला. गणेशोत्सव, आंबेडकर जयंती, कबड्डीचे सामने, कामगारांच्या सभा, लग्नाचे मांडव हे सारे त्याच मोकळ्या जागेत घडले. जानेवारी १९७४ मधील वरळीची दंगलही याच पटांगणांतून पेटली. दलित पँथरच्या सभेपासून सुरू झालेल्या त्या संघर्षाची चौकशी न्या. भस्मे आयोगाने केली. वस्तीचा इतिहास लिहिताना केवळ एकोप्याचे चित्र रंगविणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय.

घर हेच दुकान

संमिश्र वापर हा शब्द आजच्या प्रस्तावांत नवलाईने येतो. खाली दुकाने, वर घरे, शेजारी कार्यालये असा त्याचा अर्थ घेतला जातो. गिरणगावाच्या दृष्टीने पाहता ही नवलाई नाही. एकटे राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खाणावळी बायका आपल्या राहत्या खोलीतच चालवीत. स्वयंपाकघर, भांडार, हिशेबाची वही आणि मुलांचा अभ्यास हे सारे त्या एवढ्याशा जागेत चाले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खाणावळवाल्या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर घरातील पुरुषाची मिळकत थांबली, तेव्हा कित्येक संसार स्त्रियांच्या अशा उद्योगांवर तगले. शिवणकाम, पापड, डबे, शिकवण्या. यांची नोंद कोणत्याही नकाशात नाही. कोकण आणि घाटमाथ्यावरील गावांनी सामाईक ठेवलेल्या गावकीच्या खोल्या हा आणखी एक प्रकार. ती खोली घर होती, धर्मशाळा होती आणि गावाची कचेरीही होती.

पुनर्विकासाच्या पात्रता-यादीत मात्र दोनच रकाने असतात : निवासी व अनिवासी. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रीची खोली निवासी ठरते. तिला घर मिळते, चांगले मिळते. परंतु चाळिसाव्या मजल्यावरील सदनिकेत वीस माणसांची पंगत बसविता येत नाही, आणि तळमजल्यावरील गाळा तिच्या नावावर नसतो. जुन्या वस्तीतील संमिश्र वापर माणसाच्या गरजेतून घराच्या आत उगवला होता. नव्या प्रस्तावातील संमिश्र वापर जमिनीच्या भावातून येतो. दोहोंना एकच नाव दिल्याने परीक्षकाचा गोंधळ होतो, आणि तो गोंधळ बांधणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो.

प्रस्ताव आणि त्याची छाननी

पुनर्विकासाच्या कायदेशीर चौकटीचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. १९६९ चा इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा, १९७६ चा म्हाडा कायदा आणि १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली या पायऱ्यांनी दुरुस्तीचे धोरण क्रमाक्रमाने पुनर्बांधणीकडे वळले. वाढीव चटई क्षेत्र द्यावयाचे, त्यातून बांधलेली जादा घरे बाजारभावाने विकावयाची आणि त्या पैशांतून जुन्या भाडेकरूंना विनामूल्य घर द्यावयाचे, हे या धोरणाचे अर्थशास्त्र. सरकारी तिजोरीतून काही जात नाही म्हणून ते लोकप्रिय झाले. पण किंमत कोणी तरी देतेच. येथे ती दाटीच्या रूपाने दिली जाते.

गिरण्यांच्या जमिनींच्या बाबतीत छाननीचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सर्व गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे व खासगी विकास यांची सलग आखणी सुचविली होती. परंतु २००१ मधील नियमबदलाने जमिनीची वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील आधीपासून मोकळ्या असलेल्या भागापुरती मर्यादित केली, आणि शहराला मिळणारा वाटा आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. बी. डी. डी. चाळींच्या अवतीभवती आज जे काचेचे मनोरे दिसतात, त्यांचा जन्म या घटनाक्रमात आहे.

बी. डी. डी. चाळींची एकूण जमीन ९२.७० एकर, त्यापैकी वरळीची ५९.६९ एकर. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने त्या या प्रकल्पापासून वेगळ्या राहिल्या. उरलेल्या तीन ठिकाणी वरळीत ९,६८९, नायगावात ३,३४४ व ना. म. जोशी मार्गावर २,५६० अशी रहिवासी व गाळेधारकांची संख्या धरण्यात आली. म्हाडाकडे काम सोपवून एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले. प्रत्येक पात्र कुटुंबास ५०० चौरस फुटांची मालकीची सदनिका देण्याचे ठरले. आरंभी रहिवाशांनी नोंदणीकृत करारासाठी आग्रह धरला आणि नायगावात सर्वेक्षणालाही विरोध झाला. सरकारी आश्वासन आणि सरकारी कागद यांतील अंतर या माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. पुढे कामाला गती आली आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ४० मजली इमारतीतील ५५६ सदनिकांच्या चाव्या देण्यात आल्या.

या घटनेचे मोल कमी लेखता येणार नाही. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या वाढलेल्या कुटुंबाला स्वतःचे शौचालय आणि स्वतंत्र स्वयंपाकघर मिळणे ही क्रांतीच आहे, विशेषतः स्त्रियांसाठी. चाळीच्या संस्कृतीचे गोडवे गाणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात. जुन्या इमारतीत राहणे जिवावर बेतते, हेही वारंवार सिद्ध झाले आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसेनी इमारत कोसळली तेव्हा तीसहून अधिक माणसे दगावली. ती इमारत पुनर्विकासासाठी निश्चित झालेल्या क्षेत्रातच होती. विलंबालाही बळी पडतात. त्यामुळे चाळी टिकवाव्यात की पाडाव्यात हा खरा वाद नाही.

वाद आहे तो पाडल्यानंतर काय उभे राहते याच्या मोजमापाचा. स्थापत्य अभियंता शिरीष पटेल यांनी पुनर्वसन इमारतींमधील अपुरे अंतर आणि वाढणारी दाटी हे मुद्दे जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयापुढे नेले. रहिवाशांना मोठे घर मिळू नये असे त्यांचे म्हणणे मुळीच नव्हते. त्याच जमिनीचा मोठा तुकडा विक्रीच्या मनोऱ्यांसाठी राखल्याने पुनर्वसनाच्या इमारती उरलेल्या जागेत खेटून उभ्या कराव्या लागतात, हा आक्षेपाचा गाभा होता.

येथे ऑर यांची मोजपट्टी लावून पाहणे उद्बोधक ठरते. मजला तीन मीटरचा धरल्यास ४० मजली इमारत १२० मीटर उंच होते. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमानुसार तिच्यासमोर किमान ६० मीटर, म्हणजे जवळजवळ दोनशे फूट जागा मोकळी हवी. असे अंतर राखून ५९.६९ एकरांत जुने रहिवासी आणि नवे खरेदीदार दोघांनाही सामावता येईल काय? केवळ जुन्या खोल्यांचीच दाटी एकरी सुमारे १६० कुटुंबे होती. विक्रीच्या सदनिकांची भर तिच्यावर पडावयाची आहे. विजेचा दिवा आणि पंखा आल्यानंतर ऑर यांचा नियम कालबाह्य झाला, असे कोणी म्हणू शकेल. पण गोवंडी–मानखुर्द परिसरातील पुनर्वसन वसाहतींत डॉक्टर्स फॉर यू ही संस्था व मुंबई आयआयटी यांनी केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या युक्तिवादास पुष्टी देत नाही. प्रकाश व वारा कमी पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. प्लेगने शिकविलेला धडा क्षयाने पुन्हा गिरवून घेतला, एवढाच याचा अर्थ. फरक इतकाच की १९१२ मध्ये शासनाची संस्था हा कोन मालकांविरुद्ध मोजत होती, आणि शंभर वर्षांनी तो मोजण्याची मागणी घेऊन एका अभियंत्याला शासनाविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

पाण्याचा दुसरा काठ

छाननीतून सुटलेला दुसरा विषय पाण्याचा, आणि येथे पुन्हा आटगावकडे वळावे लागते. मुंबईच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर या भागातील एकेक खोरे शहराला जोडले गेले : तानसा, वैतरणा, भातसा आणि अगदी अलीकडे मध्य वैतरणा. वैतरणेवरील मोडकसागर ज्या अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो, त्या एन. व्ही. मोडक यांनीच अल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा लिहिली होती. शहराच्या मध्यभागातील दाटी कमी करून वस्ती बाहेर पसरवावी, असे त्या रूपरेषेचे सूत्र होते. जो मनुष्य शहरासाठी पाणी आणत होता त्यालाच मध्यभागातील गर्दीची किंमत समजली होती, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

वरळीच्या जुन्या ९,६०० कुटुंबांचाच हिशेब केला, कुटुंबात पाच माणसे आणि दरडोई १३५ लिटर हे प्रचलित प्रमाण धरले, तरी दररोज सुमारे ६५ लाख लिटर पाणी लागते. विक्रीच्या सदनिका, कार्यालये व गाळे यांची मागणी निराळी. शहराच्या नियोजनात हा आकडा महापालिकेच्या जलखात्याचा विषय ठरतो. तो ज्या तालुक्यातून येतो त्या तालुक्याचा विषय ठरत नाही. धरणांच्या कुशीतील शहापूरच्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही बातमी दरवर्षी छापून येते आणि दरवर्षी विसरली जाते.

आता तर शहराने टाकलेली माणसेही याच दिशेने येत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तालुक्यातील जमिनीकडे पाहण्याची नजर बदलली. आटगावात उद्या मोठे संमिश्र संकुल प्रस्तावित झाले, तर त्याची छाननी करणार कोण? बांधकामाला एकत्रित नियमावली आहे. शिवाय शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला पाणी व जमीन यांविषयी बोलण्याचा अधिकार दिलेला आहे. बी. डी. डी. चाळीतील भाडेकरूला असा अधिकार कधीच नव्हता. ग्रामसभेपुढे येणाऱ्या कागदांत मात्र प्रकल्पाचे क्षेत्रफळ, सदनिकांची संख्या आणि रस्त्याची रुंदी लिहिलेली असते. दोन इमारतींमधील अंतर त्यांच्या उंचीच्या किती पट आहे, कूपनलिका किती खोल जाणार आहेत, जवळच्या पाड्याची विहीर कोणत्या महिन्यात आटते, आणि जुन्या गावठाणातील ज्या घरांच्या ओट्यावर पिठाची गिरणी वा किराणा चालतो त्यांचे काय होणार, हे रकाने त्या कागदांत नसतात.